लाईन आली अन् रिकामा गंज तापला : स्क्वॅशच्या भांड्यातलं एलिमेंट जळाल्यावर काय काय करावं लागलं

आमच्या बचत गटाचं संत्र्याच्या स्क्वॅशचा पाक ज्या विजेच्या भांड्यात बनतो, त्यातलं हीटरचं एलिमेंट नोव्हेंबर 2023 च्या शेवटी कोरडं तापून गेलं. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत आम्ही बरंच शिकलो. काही पैसे देऊन, काही विहिरीवरच्या मोटारी बांधून (वाईंडिंग करून) देणाऱ्या भाऊंच्या दुकानात बाकड्यावर बसून. गावोगावच्या गटांकडे आता असली भांडी आली आहेत आणि लाईनचे हाल सगळीकडे सारखेच, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आधी हे भांडं आलं कुठून ते सांगते, कारण ते मुळात स्क्वॅशचं नाहीच. माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो आणि घरी बिअर बनवतो. तिथे स्वतःपुरती बनवायला 1963 पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी असलं काही करणं सरळ गुन्हा, आणि नदीपलीकडचा वर्धा जिल्हा तर अख्खाच दारूबंदीचा. तो सुट्टीत आमच्याकडे वरुड तालुक्यात (अमरावती जिल्हा) आला, आमच्या बायका चुलीवर पाक ढवळताना पाहिल्या आणि म्हणाला, "ताई, माझ्या बिअरच्या भांड्यात हे तासाभरात होईल." त्याने कागदावर काढून दिलं: 50 लिटरचा स्टीलचा गंज (मोठं पातेलं), तळाजवळ आडवं 3 किलोवॅटचं एलिमेंट, खाली तोटी, वर झाकण. अमरावतीत एका फॅब्रिकेशनवाल्याने ते बनवून दिलं. पैसे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतल्या बीज भांडवलातून आले. त्यात तेव्हा गटाच्या सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत मिळायचे, अर्ज 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) मार्फत जायचा. अन्न परवान्याची नोंदणी आधीच होती (तेव्हा 12 लाखांच्या आत उलाढाल असली तर वर्षाला 100 रुपये लागायचे, फॉस्कॉसच्या साईटवर).

आमचं प्रमाण साधं आहे. 12 लिटर रस, 21 किलो साखर, 14 लिटर पाणी, वर सायट्रिक ॲसिड. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये किमान 25 टक्के रस आणि 40 टक्के विद्राव्य घटक लागतात, त्यात हे आरामात बसतं. भांड्यात फक्त पाक होतो. रस तापवायचा नाही. पाक गाळून थंड झाला की त्यात रस घालायचा. नागपुरी संत्र्याचा रस तापला की कडू होतो, नुसता ठेवला तरी काही तासांत कडवटपणा चढतो. बी किंवा आतली पांढरी साल चिरडली गेली तर आणखीच. म्हणजे एकदा संत्री पिळली की घड्याळ सुरू. त्या संध्याकाळी जे झालं ते ह्याच घाईपायी.

27 नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा. आंबिया बहाराची तोड सुरू होती आणि अवकाळी आला. बागेत गळ पडली, ती संत्री दोन दिवसांत पिळली नाहीत तर कामातून जातात, म्हणून आम्ही दुपारपासूनच बसलो होतो. साडेपाचच्या सुमाराला, पाक जेमतेम अर्धा तापला असताना, लाईन गेली. डीपीवर फ्यूज उडाला म्हणे. तासभर वाट पाहिली. इकडे रस पिळून तयार. शेवटी मोबाईलच्या उजेडात तोटी सोडून पाक दोन गंजांत काढला आणि मागच्या वर्षीच्या पऱ्हाटीवर, सांदवाडीतल्या (परसातल्या) चुलीवर चढवला. धूर डोळ्यात, वरून टपटप पाऊस. रात्री दहाला बाटल्या भरून झाल्या आणि सगळ्या जणी घरोघरी गेल्या. भांड्याचं बटण भिंतीवर खाली दाबलेलंच होतं. दिवाच नाही तर बटण चालू आहे की बंद, ते दिसणार कोणाला!

पहाटे तीनला लाईन आली. सपरीतला बल्ब लागला म्हणून मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठले. चार-पाच मिनिटांनी त्यांची हाक आली, "सूनबाई, गूळ कायचा जळून राह्यला?"

मी गेले तर झाकणाच्या कडेने निळसर धूर येत होता आणि फटीतून आत लाल दिसत होतं. माझा हात पाण्याच्या बादलीकडे गेला, तर ते ओरडले, "पाणी नोको टाकू! हात बी नोको लावू. आंधी मेन पाड." मेन पाडला, झाकण काठीने ढकललं आणि पाऊण तास नुसते बघत बसलो. पाणी न टाकणं किती बरोबर होतं ते नंतर कळलं. विजेच्या धोक्याचं तर आहेच, शिवाय लाल झालेल्या नळीवर थंड पाणी पडलं की नळी तडकते आणि वाफ थेट तोंडावर येते.

सकाळी उजेडात भांडं नीट पाहिलं. एलिमेंटच्या वेटोळ्यांवर राहिलेला पाकाचा पापुद्रा कोळसा होऊन फुगला होता, बोट लावलं की चुरा. जिथे एलिमेंट भांड्यात शिरतं तिथल्या स्टीलवर पिवळा, जांभळा, निळा असे कडे उमटले होते. सिलिकॉनचा वायसर विरघळून काळा. बाहेरच्या बाजूने वायरीचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलं होतं, तांबं उघडं. भांडं कडप्प्याच्या ओट्यावर होतं. पाटावर असतं तर मला हे लिहायला वेगळं काही असतं.

मला छळणारा प्रश्न हा की घरात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे, मग तो का पडला नाही? मोटार बांधणाऱ्या भाऊंनी ते समजावलं. एलिमेंटच्या स्टीलच्या नळीत नायक्रोमची तार असते, भोवती पांढरी मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी दाबून भरलेली. भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज नाही. 3 किलोवॅटचं एलिमेंट 230 व्होल्टवर 13 अँपिअर खेचतं. ते पाण्यात असो की कोरडं, खेचणं जवळपास तेवढंच. एमसीबी फक्त करंट पाहतो, आत पाणी आहे की हवा ते त्याला कसं कळावं? पाण्यात असताना नळी शंभराच्या थोडी वर राहते, कारण पाणी उष्णता नेत असतं. कोरडी असली की ती न्यायला कोणी नाही, मग काही मिनिटांत लाल.

त्यांच्याच दुकानात दुसरी गोष्ट कळली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी मीटर लावला, तर एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये 18 ओहम आले. 3 किलोवॅटच्या एलिमेंटला साडेसतरा-अठराच यायला पाहिजेत. मी खूश झाले, म्हटलं वाचलं, कोळसा खरवडला की झालं. ते हसले. सिरीज लॅम्पची (तपासायला मध्ये बल्ब जोडलेल्या वायरीची) एक वायर एलिमेंटच्या टोकाला लावली, दुसरी नळीच्या अंगाला. बल्ब लागायलाच नको होता. तो मंद पिवळा लागला. नळीवर केसाएवढी चीर होती, भुकटीने पहाटेचा दमटपणा धरला होता आणि वीज थेट अंगावर उतरत होती. "वहिनी, हे तापते बी अन् मारते बी," ते म्हणाले. म्हणजे पाणी भरून बटण दाबलं असतं तर छान गरम झालं असतं, आणि तोटीला हात लावणाऱ्या बाईला झटका बसला असता. कोरडं तापलेलं एलिमेंट 'चालू आहे' म्हणून परत वापरू नका. कोणाकडे मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) असेल तर त्यावर अंगाशी इन्सुलेशन तपासा, नसेल तर सरळ भंगारात टाका.

नवं एलिमेंट तालुक्याला मिळालं ते गिझरचं, आखूड. मावसभावाला फोटो पाठवला तर त्याने ते नको म्हणून सांगितलं आणि मोठा व्हॉइस मेसेज टाकला. बिअरमध्ये म्हणे आधी मोड आणून वाळवलेलं भरडलेलं सातू 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर भिजवतात. त्यातून निघालेलं गोड पाणी मग हॉप्स नावाची फुलं घालून तासभर उकळतात. ते गोड पाणी एलिमेंटवर चिकटून करपलं तर अख्ख्या बिअरला जळका वास येतो. म्हणून ते लोक वॉट पाहतात तसं दर चौरस सेंटीमीटरला किती वॉट पडतात तेही पाहतात. तेवढ्याच वॉटचं एलिमेंट लांब घेतलं की प्रत्येक इंचावरचा ताप कमी. आमचं जुनं एक मीटर लांब, आठ मिलिमीटर जाड होतं. हिशेब केला तर चौरस सेंटीमीटरला 12 वॉट. साखरेच्या पाकाला ते जास्तच. आधीच्या पाकांना कधीमधी जो हलका तपकिरी रंग यायचा तो कशाने, हे तेव्हा उलगडलं. आम्ही साखरेला दोष देत होतो.

मग नागपूर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि गटाच्या सचिव ताई सकाळच्या एसटीने जलालखेडा, काटोल करत गेलो. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेवढीच बचत. इतवारीत हीटरच्या दुकानात जुनं एलिमेंट दाखवलं आणि 3 किलोवॅटचंच, पण दुप्पट लांबीचं, चार वेळा दुमडलेलं मागितलं. तयार नव्हतं, ऑर्डरवर करून देतो म्हणाले. 1,450 रुपये, अर्धे आगाऊ, आठवडा-दहा दिवस. जाताना भांड्याच्या भोकाचं माप आणि आट्यांचं माप घेऊन जा. आम्ही जुनंच पिशवीत नेलं होतं म्हणून निभावलं. वायसर खाण्याच्या दर्जाच्या सिलिकॉनचे मागा आणि दोन जास्तीचे घ्या. आणि पक्कं बिल, गटाच्या नावाने. दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर शंभर रुपये कमी करत होता, पण गटाच्या रजिस्टरला ठराव लिहून खर्च टाकायचा तर चिठ्ठी चालत नाही. ऑडिटच्या वेळी शंभर रुपयांपायी हजाराची कटकट.

पैशावरून गटात थोडं तापलं, ते लपवत नाही. एक जण म्हणाली, ज्यांच्या घरी भांडं आहे त्यांनी भरावं. दुसरी म्हणाली, त्या रात्री सगळ्याच होतो. बैठकीत दोन तास गेले, चहा दोनदा झाला, शेवटी अर्धे गटाच्या निधीतून आणि अर्धे पुढच्या विक्रीतून असं ठरलं. ठराव लिहिताना 'विद्युत पुरवठा पूर्ववत झाल्याने' असा शब्द सचिव ताईंनी घातला आणि वाद तिथेच संपला.

एलिमेंटची वाट पाहत असताना भांडं घासलं. कोळसा तारेच्या घासणीने घासू नका, स्टीलला ओरखडे पडतात आणि पुढचा पाक तिथेच चिकटतो. आम्ही धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी कोळसा पोपड्यांनी निघाला. निळे-जांभळे कडे सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्याने बरेच फिके पडले. मग नुसतं पाणी उकळून चव पाहिली. पहिल्या वेळी जळकट लागली, परत उकळलं, मग गेली.

दरम्यान भाऊंनी विचारलं, "तुमच्या विहिरीवरच्या मोटारीले स्टार्टर हाये ना? मंग ह्या हीटरले काहून नाही?"

शेतकऱ्याच्या घरात राहून मला हे सुचलं नव्हतं. विहिरीवरच्या स्टार्टरला लाईन गेली की आतला कॉन्टॅक्टर (चुंबकाने चिकटून लाईन जोडणारा स्विच) सुटतो आणि लाईन आल्यावर मोटार आपली आपण सुरू होत नाही. हिरवं बटण दाबावं लागतं. रात्री-बेरात्री लाईन येते म्हणून आपले लोक त्याला मुद्दाम 'ऑटो' बसवतात, जेणेकरून शेतात न जाता मोटार सुरू व्हावी. भांड्याला तेच, पण ऑटो नसलेलं पाहिजे. 25 अँपिअरचा कॉन्टॅक्टर, एक हिरवं आणि एक लाल बटण, एवढ्यात काम होतं. त्याच्याच होल्डिंगच्या (कॉन्टॅक्टर धरून ठेवणाऱ्या) वायरीत भाऊंनी स्टीलचा फ्लोट स्विच घातला. पाक एलिमेंटच्या चार बोटं वर असेल तरच कॉन्टॅक्टर धरतो. तोटी उघडून पाक उतरू लागला की खट्ट आवाज येतो आणि हीटर बंद. पाक वाळून फ्लोट चिकटतो, म्हणून दर वेळी काम झालं की तो गरम पाण्याने धुवायचा आणि बोटाने वरखाली करून पाहायचा.

थर्मोस्टॅट का नाही, असं मीही विचारलं. तो पाक फार तापू नये म्हणून चांगलाच, आमच्याकडेही लावला. पण रिकाम्या भांड्यात त्याचा फुगा (ताप ओळखणारं टोक) हवेत असतो, हवा तापेपर्यंत एलिमेंट लाल होऊन जातं. त्याच्या भरवशावर राहू नये.

शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. घरातला सगळ्यात महाग भाग हाच पडला, 1,900 रुपये. एमसीबी करंट पाहतो आणि आरसीसीबी पाहतो की गेलेली वीज तेवढीच परत आली का. अंगावर गळाली की तो पाडतो. पण अर्थिंग धड नसेल तर माणसाचा हात लागेपर्यंत त्याला गळती दिसत नाही, म्हणून अर्थिंगही नव्याने केली. सांदवाडीत खड्डा, जीआय पाईप, कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात त्यात रोज तांब्याभर पाणी टाकायचं काम मामाजींनी स्वतःहून घेतलं. कॉन्टॅक्टर, बटणं, डबा, फ्लोट, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि मजुरी धरून आणखी 4,200 झाले.

भाऊंनी मीटरकडे पाहून एक काम वाढवलं. बिलावर मंजूर भार होता एक किलोवॅट आणि आम्ही एकट्या भांड्याला तीन खेचत होतो. भारवाढीचा अर्ज ऑनलाईन होतो. चालू बिल, आधार आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. हा रिपोर्ट गावातला कोणीही वायरमन देऊ शकत नाही, परवाना क्रमांक असलेलाच हवा. आम्हाला त्यासाठी तालुक्याला जावं लागलं. अर्ज 11 डिसेंबरला टाकला, मग पाहणीसाठी माणूस आला, अनामतीचा फरक भरण्याचा मेसेज आला, तो भरला. जानेवारीच्या बिलावर पाच किलोवॅट छापून आलं. मला भीती होती की घरगुती मीटरवर धंदा चालतो म्हणून दर बदलतील. पण राहत्या घराच्या एका भागात छोटा उद्योग असेल आणि वापर महिन्याला 300 व वर्षाला 3,600 युनिटच्या आत असेल तर घरगुती दरच राहतो, असं दरपत्रकातच आहे. आमचा एक पाक दोन-अडीच युनिटमध्ये होतो, तेव्हा काळजी नव्हती. कार्यालयात जाताना दरपत्रकाचं ते पान छापून न्यावं, बोलणं लवकर होतं.

नवं एलिमेंट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. बसवलं, रात्रभर पाणी भरून ठेवलं, खाली जुना पेपर अंथरला. सकाळी पेपरवर एक थेंबाचा डाग. वायसर उलटा बसला होता. परत खोललं.

पहिला पाक 2 जानेवारीला केला. रंग पाण्यासारखा स्वच्छ आला, आधी तसा कधीच आला नव्हता. वेळ मात्र अपेक्षेपेक्षा जास्त लागला. एलिमेंट बरोबर होतं, व्होल्टेज कमी होतं. संध्याकाळी आमच्याकडे 180 मिळतात आणि 180 वर 3 किलोवॅटचं एलिमेंट 1,840 वॉटच देतं, कारण व्होल्टेज पाऊणपट झालं की ताप निम्म्याच्या जरा वरच राहतो. म्हणून आता पाक सकाळी नवाच्या आत, संत्री पिळायच्या आधी. पाक वाट पाहू शकतो, रस नाही. आधी आम्ही उलटं करत होतो.

संक्रांतीच्या वाणासाठी शंभरावर बाटल्या गेल्या. चुलीवर झालेल्या त्या रात्रीच्या बाटल्यांना वेगळा बॅच नंबर टाकला होता, त्यांना किंचित धुराचा वास होता. त्या आम्ही गटातच वाटून घेतल्या. मृग बहाराची संत्री फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतील, तोवर बटणांच्या डब्यावर मराठीत 'हिरवं दाबण्याआधी आत पाहा' असं ऑईलपेंटने लिहून घ्यायचं आहे. पेंटर दोनदा येतो म्हणून आला नाही.